पहिल्या फेरीत हँडल कुणाच्या हाती?

डिसेंबर सरत आला की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ऑन्टारियो, क्युबेक या पट्ट्यात तळी गोठतात, रानवाटांवर बर्फाचा जाड थर बसतो आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या स्नोमोबाईल बाहेर निघतात. ज्याला या वाहनाचं वेड आहे त्याला आपल्या जोडीदारालाही ते लागावं असं वाटणं साहजिक आहे. मग पहिल्या दिवसाचा बेत ठरतो आणि तो बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. अनुभवी माणूस पुढे, नवखा मागे, 'घट्ट धरून बस' एवढीच सूचना आणि सोबत मित्रमंडळींचा ताफा. हौसेनं आणि प्रेमापोटी आखलेला हा बेत मुळातच चुकीचा आहे, असं माझं मत आहे. जोडीदाराची पहिली फेरी मागच्या सीटवर होऊ नये. वाहन हलकं असावं, मैदान मोकळं असावं, शिकवणारं माणूस शक्यतो तिसरंच असावं आणि हँडल नवख्याच्या हातात असावं. किती वेळ चालवायचं आणि कधी थांबायचं, हेही त्यानेच ठरवावं. नवखी बहुतेक वेळा बायको असते, कधी नवराही असतो. मुद्दा दोघांनाही सारखाच लागू आहे.

मागे बसणं म्हणजे नेमकं काय, हे या वाहनाच्या रचनेत शिरल्याशिवाय कळत नाही. स्नोमोबाईलला पुढे दोन स्की असतात आणि मागे इंजिनावर फिरणारा रबराचा रुंद पट्टा. वळण घेताना चालवणारा आतल्या बाजूला झुकतो, उंचवटा दिसला की गुडघे वाकवून सीटवरून किंचित उठतो आणि हादरा पायांवर झेलतो. मागे बसलेल्याला यातलं काहीच करता येत नाही, कारण त्याला पुढचं दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती जोडीदाराच्या हेल्मेटची पाठ. उंचवटा आला हे त्याला पाठीच्या कण्याला धक्का बसल्यावरच कळतं आणि सीटच्या मागच्या टोकाला हा धक्का जास्त जोरात बसतो. वाहन एकाच माणसासाठी बनवलेलं असेल तर दुसऱ्याचं वजन मागे पडून पुढच्या स्की हलक्या होतात आणि हँडल वळवलं तरी वाहन हवं तसं वळत नाही. थंडीचंही तेच. चालवणाऱ्याच्या मुठी विजेवर गरम होतात, त्याचं अंग सतत काम करत असतं. मागच्याला पुढच्याच्या आडोशाने वारा थोडा कमी लागत असेल, पण तो नुसता बसून असतो आणि बसलेलं शरीर लवकर गारठतं. हवा उणे १५ अंश सेल्सियस असेल आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या त्वचेला तो गारठा उणे २९ अंशांसारखा जाणवतो. अशा थंडीत हेल्मेट आणि कॉलर यांच्यामधली बोटभर फटसुद्धा दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात हिमदंशाला पुरेशी ठरू शकते.

शरीराच्या या त्रासापेक्षा मोठी गोष्ट आहे ती ताब्याची. आजची मध्यम ताकदीची स्नोमोबाईलसुद्धा ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जाते. मिनेसोटाच्या कायद्याने सार्वजनिक जमिनीवर आणि तळ्यांवर ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची मर्यादा घातली आहे. ऑन्टारियोत सार्वजनिक वाटांवर ती ताशी ५० किलोमीटर आहे. या मर्यादा सरावलेल्यांनाही लागू आहेत, हे इथे विसरता कामा नये. चाळीसचा वेग चालवणाऱ्याला संथ वाटतो, कारण पुढचं वळण त्याला दिसत असतं आणि वेग त्याच्याच अंगठ्याखाली असतो. तोच वेग मागच्याला भयंकर वाटू शकतो. इंजिनाच्या आवाजात आणि दोन हेल्मेटांमधून 'हळू चालव' हे ऐकू जात नाही. खांद्यावर थाप मारायची म्हटलं तर धरलेला हात सोडावा लागतो, आणि हात सोडण्याचीच तर भीती असते. अशा फेरीनंतर कुणी 'मला हे आवडलं नाही' म्हणालं, तर आपण समजतो की त्याला बर्फ आवडला नाही, खेळ आवडला नाही. बहुधा त्याला न आवडलेली गोष्ट म्हणजे त्या तासाभरातली असहायता. खेळ त्याने अजून पाहिलेलाच नसतो.

या वाहनाचा इतिहासही हेच सांगतो. क्युबेकमधल्या व्हॅलकोर्ट या गावचे जोसेफ-आर्माँ बोंबार्दिए बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग तरुणपणापासून करत होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या आजाराने गेला. बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याला वेळेत रुग्णालयात नेता आलं नाही. त्या दुःखातून त्यांच्या कामाला जोर आला. १९३७ मध्ये पट्टा फिरवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट मिळालं आणि त्यावर बंद डब्याच्या, सात माणसं बसतील अशा आणि पुढे बारा माणसं बसतील अशा गाड्या तयार झाल्या. डॉक्टर, टपाल, शाळेतली मुलं यांची ने-आण त्या करत. त्या गाड्यांत एक जण चालवे आणि बाकीचे बसून जात. तेच त्यांचं काम होतं. १९५९ मध्ये बोंबार्दिए यांनी स्की-डू बाजारात आणली तेव्हा मात्र चित्र पालटलं. हलकी, उघडी, एकट्यालाही हाकता येईल अशी ही गाडी होती आणि तिच्यामुळे बर्फावरून जाणं ही हौसेची गोष्ट झाली. दिसणारा निसर्ग खिडकीतूनही दिसतो. अंग झुकवलं की गाडी वळते आणि अंगठा सैल केला की थांबते, हे आपल्या शरीराला उमगणं हा या खेळाचा खरा आनंद आहे. तो मागच्या सीटवर पोचत नाही. ज्याला आपण खेळाची ओळख करून देतो आहोत, त्याला खेळाचा गाभाच वगळून काय दाखवणार?

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. दोनशे किलोहून जास्त वजनाचं यंत्र कधीच न चालवलेल्या माणसाच्या हाती देण्यापेक्षा, जाणकाराच्या मागे बसणं बरं, असं कुणीही म्हणेल. पण गंभीर अपघात कशाने होतात ते पाहा. अतिवेग, दारू, रात्रीचा अंधार, पातळ बर्फ आणि झाडावरची धडक ही कारणं अमेरिकेतल्या राज्यांच्या नैसर्गिक संसाधन विभागांच्या इशाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं येत राहतात. यातलं एकही कारण मागे बसल्याने टळत नाही. उलट, त्या सगळ्या बाबतींतला निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो. स्नोमोबाईलच्या दिव्याचा उजेड साधारण ६० मीटरपर्यंत पोचतो. ताशी ६० किलोमीटर वेगात समोर काही दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच्या दीड सेकंदात २५ मीटर संपलेले असतात आणि बर्फावर थांबायला उरलेलं अंतर पुरेलच असं नाही. हा हिशेब मागच्याला करता येत नाही, पुढचा करेलच याची खात्री नसते. नवखा चालवत असेल तेव्हा धोका निराळा असतो, पण तो ओळखीचा आहे आणि आवरता येतो.

तो धोका असा. स्नोमोबाईलला मोटरसायकलसारखी फिरवायची मूठ नसते. उजव्या अंगठ्याखाली एक छोटा खटका असतो, तो दाबला की गाडी पळते. दचकलेला माणूस काय करतो? हाताची मूठ आवळतो. मूठ आवळताना अंगठाही आत जातो, खटका आणखी दाबला जातो आणि गाडी झेपावते, त्यामुळे माणूस आणखी दचकतो. नवख्याला समोरच्या झाडाइतकीच स्वतःच्या या आवळलेल्या मुठीचीही भीती असते. यावर उपाय गाडीतच आहे: इंजिन बंद करणाऱ्या बटणाला जोडलेली एक दोरी. तिचं दुसरं टोक जॅकेटला अडकवलं की माणूस सीटवरून घसरताक्षणी इंजिन बंद पडतं. पण दोरीच्या आधी सवय हवी. म्हणून पहिला अर्धा तास इंजिन बंद ठेवूनच जावा. सीटवर बसायचं, अंगठा दाबायचा आणि सोडायचा, सोडण्याचाच सराव जास्त करायचा. डाव्या हाताचा ब्रेक दाबून पाहायचा आणि तो फक्त मागच्या पट्ट्याला लागतो, पुढच्या स्कीला ब्रेक नसतो, हे समजून घ्यायचं. म्हणजे ब्रेक सरळ वाटेत लावायचा आणि वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, हे पाठ करावं लागत नाही, ते ओघाने कळतं. मग झाडं, कुंपणं आणि तळं यांपासून दूर, सपाट मैदानावर चालण्याच्या वेगाने सरळ जाणं, थांबणं, मोठी वर्तुळं, आणि जमलं तर इंग्रजी आठचा आकडा. एवढ्यात पहिला दिवस संपला तरी चालेल. मिनेसोटाच्या मार्गदर्शनानुसार स्नोमोबाईलसाठी नव्याने गोठलेला, स्वच्छ बर्फ किमान पाच ते सात इंच जाड असावा लागतो, पण वरच्या हिमाच्या थराखाली तो किती आहे हे नवख्याला दिसत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी तळ्यावर जाण्याचा प्रश्नच येऊ नये. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात तर हिमकडा कोसळण्याचा धोका असतो. तिथले उतार हे शिकायचं ठिकाण नव्हेच.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. 'माझ्या जोडीदाराला माझ्याइतकं कोण ओळखतं? मीच शिकवीन.' महाराष्ट्रात गाडी शिकणाऱ्या कुठल्याही घराला याचं उत्तर माहीत आहे. नवऱ्याच्या शेजारी बसून क्लच-ब्रेक शिकता शिकता भांडण होतं आणि अखेर मोटर ड्रायव्हिंग स्कूलचा रस्ता धरावा लागतो. त्यात कुणाचा स्वभाव वाईट असतो असं नाही. चांगल्या चालवणाऱ्याला आपण काय काय करतो याचा विसर पडलेला असतो, कारण ते हातापायांत मुरलेलं असतं, आणि जे विसरलं ते शब्दांत सांगता येत नाही. शिवाय जोडीदार घाबरला की त्याला तो स्वतःवरचा अविश्वास वाटतो. शिकणाऱ्यालाही परक्या प्रशिक्षकासमोर 'मला जमत नाही, पुन्हा दाखवा' म्हणणं सोपं जातं. घरच्या माणसासमोर तेच वाक्य हार मानल्यासारखं वाटतं. तिसऱ्या माणसाला खूश करायचं नसतं आणि त्याच्यावर रुसायचंही नसतं.

कायद्याचा कलही शिकण्याकडेच आहे. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या मिनेसोटाच्या रहिवाशाला स्नोमोबाईल चालवण्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतं. आज जोडीने नव्याने संसार मांडणारी बहुतेक सगळी पिढी या नियमांत येते. प्रौढांना हा अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइन करता येतो. मागे बसणाऱ्याला मात्र हे प्रमाणपत्र लागत नाही. मागच्या सीटचं आकर्षण बऱ्याच अंशी इथेच आहे, असं मला वाटतं. अभ्यास नको, परीक्षा नको, दुसऱ्या गाडीचं भाडं नको. उठायचं आणि बसायचं. शिकण्याला वळसा घालणारी ही वाट सोयीची आहे, पण ती जोडीदाराला कायम पाहुणाच ठेवते.

शिस्तीने मजा जाते, असंही म्हटलं जातं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण याला उत्तर देतं. तिथे हिवाळ्यात स्नोमोबाईलला परवानगी आहे, पण वाटाड्याशिवाय कुणी जाऊ शकत नाही. गाड्यांची रोजची संख्या ठरलेली आहे, आवाज आणि धूर यांवर कडक अटी आहेत आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर आहे. मोटारीचा परवाना असलेला नवखाही तिथे स्वतः हँडल धरून वाटाड्याच्या मागे ओल्ड फेथफुल कारंज्यापर्यंत जाऊ शकतो. वाटेत रानगवे दिसतात, गरम झऱ्यांची वाफ दिसते आणि ताफा सगळ्यांना झेपेल अशा चालीने जातो. उद्यानाने या अटी घातल्या त्या वन्यजीवांच्या आणि शांततेच्या काळजीपोटी. पण त्यातून नवख्यासाठी एक उत्तम शाळाही आपोआप उभी राहिली आहे.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांपुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नवरा किंवा बायको शिक्षण-नोकरीसाठी आधी येते, दुसरा जोडीदार लग्नानंतर अवलंबितांच्या व्हिसावर येतो आणि कित्येकदा ऐन जानेवारीत मिनियापोलिस किंवा टोरांटोच्या विमानतळावर उतरतो. पुण्या-नाशकात स्कूटरवरून सगळं गाव पालथं घालणाऱ्या मुलीला इथे सुरुवातीचे महिने दुधाच्या कॅनसाठीही कुणीतरी गाडीतून नेण्याची वाट पाहावी लागते. बाहेर बर्फ, हाताशी वाहन नाही, पायी जाण्यासारखं अंतर नाही. अशा माणसाला हिवाळ्याची पहिली गंमत म्हणून पुन्हा कुणाच्या तरी मागेच बसवणं म्हणजे त्या परावलंबनात भर घालणं आहे. त्याच बर्फावर तिला स्वतःच्या हाताने वाहन चालवता आलं, तर हा ऋतू आपल्याला कोंडून ठेवायला आलेला नाही, एवढं तरी तिला अंगाने कळेल. मात्र याच घरांत नकार देणंही अवघड असतं. सगळे मित्र जमलेत, गाड्या भाड्याने घेतल्यात, पैसे भरलेत. अशा वेळी 'मला परत जायचंय' हे कसं म्हणायचं? म्हणून नकाराची सोय बेतातच असली पाहिजे. पहिल्या दिवशी ताफा नको. लांबचा पल्ला नको. ऊब देणारी जागा कुठल्याही क्षणी दहा मिनिटांत गाठता येईल एवढंच अंतर असावं. शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस आणि सकाळची वेळ निवडावी. स्नोमोबाईल मंडळांचे स्वयंसेवक रात्री यंत्राने वाटा सारख्या करतात, सकाळी त्या गालिच्यासारख्या असतात आणि दुपारपर्यंत गाड्यांच्या वर्दळीने त्यांवर उंचवटे धरतात. अंगावरचे कपडे नेमके असावेत, आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. घामाने भिजलेलं सुती कापड अंगाला चिकटून गारठवतं. हेल्मेट मात्र जोडीदाराचं उसनं चालणार नाही, नवख्याच्या डोक्याला बसेल असंच हवं.

काहींना चालवायचंच नसतं, हेही मान्य करायला हवं. कुणाची पाठ दुखरी असते, कुणी गरोदर असते आणि तिने तर ही फेरी टाळावीच, कुणाला फक्त रान पाहायचं असतं. न चालवण्याचा निर्णय समजून घेतलेला असेल तर त्याचा मान राखावा. पण तेव्हाही गाडी दोघांसाठी बनवलेली, पाठीला टेकू आणि धरायला मुठी असलेली असावी, थांबण्याची खूण निघण्याआधी ठरलेली असावी आणि वेग मागच्याने ठरवावा. सीट कुठलीही असो, नवख्याचा शब्द शेवटचा हे तत्त्व तसंच राहतं.

हा विषय भारतातल्या मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. गुलमर्ग आणि मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात स्नो स्कूटरची फेरी हा मधुचंद्राच्या सहलीतला ठरलेला कार्यक्रम झाला आहे. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलचा बर्फही पर्यटकांच्या टप्प्यात आला आहे. तिथे फेरी काही मिनिटांची असते, स्थानिक चालक सोबत बसतो आणि दोघांचं लक्ष फोटोकडे असतं. अशा फेरीला कुणी हरकत घेण्याचं कारण नाही, पण हेल्मेट आणि इंजिन बंद करणारी दोरी यांशिवाय एकही गाडी सुटू नये, ही अट तिथल्या प्रशासनांनी आणि इथून सहली नेणाऱ्या पर्यटन कंपन्यांनी धरून बसावं. उत्तर अमेरिकेत भाड्याने गाडी देणाऱ्या केंद्रांनी नवख्यांसाठी मैदानातला तासाभराचा सराव भाड्यातच धरावा आणि दोन जणांनी एकच गाडी मागितली तर दुसऱ्याला चालवायचं आहे का, हे त्याला स्वतंत्रपणे विचारावं. तिथली महाराष्ट्र मंडळं हिवाळी सहली आखतात तेव्हा त्यांनी ताफ्यासोबत एक प्रशिक्षक ठरवावा, नवख्यांचा गट वेगळा ठेवावा आणि त्या गटातून कुणी अर्ध्यावर परतलं तर त्याच्यासोबत परतणारं माणूस आधीच नेमून ठेवावं.